कोकणातील गावमशिदींचे जतन : पनवेल परिसराच्या निमित्ताने

पनवेल हे मुळात खाडीकाठचे बंदर आणि घाटवाटेचा पायथा. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल पनवेलला उतरून गलबतांतून मुंबईकडे जाऊ लागला. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. देशातील जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. तांदूळ, मीठ, लाकूड आणि बैलगाडीची चाके यांवर जगणाऱ्या या परिसरात आगरी, कोळी, कराडी, ब्राह्मण, गुजराती आणि कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले. या जुन्या वस्तीच्या खुणा आता थोड्याच उरल्या आहेत. मंदिर, तळे, बंदराचा धक्का, कौलारू घर यांच्याबरोबरच गावची जुनी मशीद ही त्यांतील एक खूण आहे.

मशीद म्हटले की घुमट आणि उंच मिनार डोळ्यांसमोर येतात. कोकणातल्या खेड्यातली जुनी मशीद बहुधा तशी नसते. उंच दगडी जोते, जाड भिंती, तळखड्यांवर उभे केलेले सागवानी खांब, त्यांवर तुळया आणि वासे, वर उतरते कौलारू छप्पर, पुढे ओसरी आणि अंगणात वजूसाठी हौज किंवा विहीर, अशी तिची साधी रचना असते. पश्चिमेच्या भिंतीतील मिहराब वगळला तर बाहेरून ती एखाद्या मोठ्या घरासारखी किंवा जुन्या देवळाच्या सभामंडपासारखी दिसते. यात नवल नाही. पाऊस सर्वांच्या घरांवर सारखाच पडतो, आणि सुतार, गवंडी व कौले शाकारणारे हातही गावात तेच असतात.

अशा वास्तूंना मोठा इतिहास चिकटलेला नसतो. त्या कोणा बादशहाने बांधलेल्या नसतात आणि पर्यटकांच्या यादीत त्यांचे नाव नसते. म्हणूनच त्या सर्वांत आधी नाहीशा होतात.

हजार वर्षांची परंपरा

कोकण किनाऱ्यावरील मुसलमान वस्ती व्यापारातून रुजली. दहाव्या शतकाच्या प्रारंभी आलेला अरब प्रवासी अल्‌ मसूदी याने सैमूर म्हणजे आजच्या चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे लिहून ठेवले आहे. चौल पनवेलप्रमाणेच रायगड जिल्ह्यात आहे. त्याच काळातील, इ. स. ९२६ चा, चिंचणीचा ताम्रपट राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार पाहणाऱ्या मधुमती सुगतिप या ताजिक म्हणजे अरब अधिकाऱ्याचा उल्लेख करतो. मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप मानले जाते. याच अधिकाऱ्याच्या संमतीने तेथे एक मठ उभा राहिला आणि त्याला जमीन मिळाली.

मशिदीच्या देखभालीची व्यवस्था कशी असावी, याचे पुरावेही या किनाऱ्यावर मिळतात. गोव्याच्या कदंब राजा पहिला जयकेशी याच्या इ. स. १०५९ च्या ताम्रपटात ‘मिजिगिती’ हा शब्द येतो. मस्जिद या शब्दाचेच ते रूप होय. तिच्या निर्वाहासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवरील कराचे उत्पन्न नेमून दिले होते. १२६४ मधील वेरावळचा संस्कृत शिलालेख याहून तपशीलवार आहे. होर्मुझचा नाखवा नूरुद्दीन फिरोज याने सोमनाथ पाटण येथे मशीद बांधली आणि तिच्यासाठी जमीन, तेलघाणा व दुकाने यांचे उत्पन्न लावून दिले. दिव्याचे तेल, पाणी, धार्मिक कृत्ये आणि वास्तूची डागडुजी यांवर ते खर्च व्हावयाचे होते. उरलेली रक्कम मक्का-मदिनेस पाठवावयाची होती. व्यवस्था पाहणाऱ्या जमातींत नाखवे आणि तेली यांच्या जोडीने चुन्याचे काम करणारेही होते.

हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. वास्तू उभारणाऱ्याने ती मोडेल हे गृहीत धरले होते आणि ती दुरुस्त करणाऱ्यांना कारभारात जागा दिली होती. आज ‘जीर्णोद्धार’ या शब्दाचा अर्थ जुने पाडून नवे बांधणे असा झाला आहे. मशीद असो वा मंदिर, जुन्या परंपरेत मात्र जीर्ण झालेला भाग सावरणे हे नित्याचे कर्तव्य होते.

धोका कोठून येतो

गावच्या मशिदीवर संकट येते ते बहुतेक वेळा तिच्यावरील प्रेमातून. पावसाळ्यात छप्पर गळते, खांबाला वाळवी लागते, जुम्याच्या नमाजला जागा अपुरी पडते. परदेशी नोकरीस गेलेल्या मंडळींकडून वर्गणी जमते. एका बैठकीत नव्या बांधकामाचा निर्णय होतो आणि काही दिवसांत शंभर-दीडशे वर्षांचे लाकूडकाम विकले जाते. त्या जागी काँक्रीटची दुमजली इमारत उभी राहते. निर्णय घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. केवळ दुसरा मार्ग त्यांच्यापुढे कोणी मांडलेला नसतो.

पनवेल परिसरात या दबावाला आणखी एक बाजू आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादित करण्याचे धोरण ठरले. २०१३ मध्ये विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातील ‘नैना’ प्रकल्पासाठी सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि तिच्या हद्दीत २९ गावे समाविष्ट झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. शेती, मिठागरे आणि खाडी यांचे रूप पालटले. तळोज्यासारख्या जुन्या गावांच्या भोवती वसाहती उठल्या आणि गावठाणे बेटांसारखी उरली.

नवी वसाहत भराव टाकून उंचावली की शेजारचे गावठाण खोलगट होते. रस्ता दरवेळी नव्या थराने वर येतो आणि एकेकाळी तीन पायऱ्या चढून जावे लागणाऱ्या वास्तूचे जोते रस्त्याच्या पातळीला येते. पावसाचे पाणी मग पायात मुरू लागते. म्हणजे जी मशीद म्हातारी झाली म्हणून गळते असे वाटते, ती पुष्कळदा भोवतीच्या जमिनीची पातळी बदलल्यामुळे ओलावलेली असते. कारण न शोधता केलेला उपाय पैसाही घालवतो आणि वास्तूही.

पहिले काम : नोंद

जतनाचा प्रारंभ कुदळीने होत नाही. प्रथम वास्तूची मोजमापे घेऊन नकाशा तयार करावा लागतो. प्रत्येक भिंत, खांब, तुळई, दार यांची छायाचित्रे घ्यावी लागतात. कोणता भाग केव्हा वाढवला, विहीर कोणी बांधली, छप्पर शेवटचे केव्हा उतरवले, याची माहिती वृद्धांकडून लिहून घ्यावी लागते. जमातीच्या जुन्या हिशेबवह्या आणि सनदा यांचे मोल अशा वेळी कळते.

दारावर किंवा मिहराबाजवळ कोरलेला लेख असल्यास त्यावर चुना, ऑइलपेंट वा सिमेंट चढू देऊ नये. तो घासून स्वच्छ करण्याचा मोहही टाळावा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी व फारसी शिलालेखांसाठीची स्वतंत्र शाखा नागपूर येथे आहे. तेथील तज्ज्ञ कागदावर ठसे घेऊन लेखांचे वाचन करतात. एका तारखेच्या ओळीमुळे गावाचा इतिहास दोन-तीन शतके मागे जाऊ शकतो. अंगणातील कबरी आणि हौजाचे दगड यांचीही याच दृष्टीने पाहणी व्हावी.

दुसरे काम : पाणी

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येथे वास्तूचे आयुष्य पाण्याच्या वाटेवर ठरते. कोकणातून मक्केची दिशा पश्चिमेकडे येते. म्हणून मिहराबाची भिंत पश्चिमेला असते. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मारा याच अंगाने येत असल्याने मशिदीतील सर्वांत पवित्र मानली जाणारी भिंत सर्वांत जास्त भिजते. ओलीची पहिली खूण बहुधा तेथेच दिसते.

तिच्यावर आतून टाइल्स बसवणे हा सोपा पण घातक उपाय आहे. टाइल्समुळे ओल दिसेनाशी होते, पण हटत नाही. ती टाइल्सच्या मागे वर चढत राहते. खरा उपाय बाहेर असतो. छपराची वळचण पुरेशी पुढे आणणे, पन्हळ बसवून पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर नेणे, जोत्याभोवती साचलेली माती काढून जमिनीला उतार देणे आणि गटार मोकळे ठेवणे, ही ती कामे होत.

कौलारू छपराची शाकारणी हा पूर्वी दरवर्षीचा विधीच होता. मृगापूर्वी फुटकी कौले बदलायची, रिपा तपासायच्या, पालापाचोळा काढायचा. ही सवय मोडली की एका फुटक्या कौलातून आलेले पाणी दोन-तीन पावसाळ्यांत वासा कुजवते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने कौले आणि पत्रे किती सहज उडतात हे दाखवून दिले. त्यानंतर अनेकांना काँक्रीटचा स्लॅब सुरक्षित वाटू लागला. मात्र वासे व तुळया भिंतींशी नीट जखडून आणि काठाची कौले बांधून छप्पर वाऱ्याला अधिक खंबीर करता येते.

तिसरे काम : चुना आणि लाकूड

जुन्या दगडी भिंतींचा सांधा चुन्याचा असतो. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजून कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून, वाळू मिसळून घाणीत मळला जाई. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांसारखे पदार्थ त्यात घालण्याची प्रथा होती. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. तो सच्छिद्र असल्याने भिंतीत शिरलेले पाणी बाहेर उडून जाते.

अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ही वाट बंद होते. कोंडलेली ओल क्षार घेऊन दगडात आणि सांध्यात साचते. क्षारांचे स्फटिक फुगतात आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यांसह सुटतो. सोबत जुन्या दगडाचा पृष्ठभागही निघून येतो. म्हणून चुन्याच्या भिंतीस चुनाच लावावा, हा जतनशास्त्राचा साधा नियम आहे. तोच रंगाला लागू पडतो. चुन्याची सफेदी भिंतीस श्वास घेऊ देते, प्लॅस्टिक पेंट देत नाही.

लाकडाबाबत सरसकट निर्णय करणे चुकीचे ठरते. खांब बहुधा तळाशी कुजतो आणि वरचे लाकूड टणक असते. कुजलेला भाग कापून त्या जागी जुन्या सागाचा तुकडा सांध्याने बसवता येतो. वाळवीवर उपचार करता येतो. पंखे, वातानुकूलन आणि ध्वनिक्षेपक यांच्या तारा थेट लाकडावर ठोकलेल्या असतात. आगीचा धोका तेथूनच येतो. म्हणून विजेची जोडणी नव्याने करणे हेही जतनाचेच काम आहे.

काँक्रीट कायमचे असते, या समजुतीचाही विचार व्हावा. खाऱ्या दमट हवेत आतील सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटला तडे जातात. नवी मुंबईत, विशेषतः वाशीत, सिडकोने बांधलेल्या इमारती काही दशकांतच धोकादायक ठरून पुनर्विकासाला निघाल्या. एका आयुष्यात दोनदा बांधावी लागणारी इमारत स्वस्त म्हणता येत नाही.

जागा अपुरी पडते तेव्हा

वाढत्या वस्तीचा प्रश्न खरा आहे आणि केवळ सौंदर्यासाठी नमाजींना उन्हापावसात उभे राहा असे कोणी सांगू शकत नाही. मशीद वापरात राहणे हाच तिच्या रक्षणाचा पाया आहे. तेव्हा जुने टिकवून नवे कोठे जोडायचे, हा खरा प्रश्न ठरतो.

केरळमधील कोडुंगल्लूरच्या चेरामन जुमा मशिदीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. परंपरेनुसार ही भारतातील पहिली मशीद मानली जाते. तिची जुनी इमारतही कौलारू आणि लाकडी धाटणीची होती. १९७० च्या दशकापासून वाढती गर्दी सामावण्यासाठी तिच्याभोवती काँक्रीटची बांधकामे आणि मिनार आले आणि मूळ वास्तू त्यांत झाकली गेली. पुढे मुझिरिस वारसा प्रकल्पात वास्तुविशारद बेनी कुरियाकोस यांच्या मार्गदर्शनाखाली ही वाढीव बांधकामे उतरवून जुने रूप पुन्हा उघडे करण्यात आले. वाढीव नमाजींसाठी जमिनीखाली प्रशस्त दालन बांधण्यात आले. एकदा केलेली चूक सुधारता येते, हे या प्रकल्पाने दाखवले. तेथे निदान आतले जुने बांधकाम उरले होते. पाडलेल्या वास्तूला ही संधी मिळत नाही.

खाडीकाठच्या पनवेलमध्ये भूजल वर असल्याने तळघर सर्वत्र शक्य नाही. येथे वेगळा विचार हवा. नमाजच्या रांगा पश्चिमाभिमुख आणि रुंदीत पसरणाऱ्या असतात. त्यामुळे मिहराबाच्या भिंतीला हात न लावता पूर्वेच्या अंगणात किंवा उत्तर-दक्षिण बाजूंना हलके, वेगळ्या पायावर उभे राहणारे छत घालता येते. वजूखाना, मदरसा, कार्यालय यांसाठी स्वतंत्र इमारत बांधली की मूळ दालनावरचा भार उतरतो.

कायद्याची चौकट

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ अन्वये केंद्र सरकार देशात सुमारे ३,७०० स्मारकांचे रक्षण करते. गोव्यातील फोंड्याची साफा मशीद त्यांपैकीच. आदिलशाही काळात, १५६० मध्ये बांधलेली ही मशीद उंच जोते, कौलारू छप्पर आणि शेजारची पायऱ्यांची मोठी पुष्करणी यांमुळे कोकणी धाटणीचा उत्तम नमुना ठरते. ती संरक्षित आहे आणि तेथे नमाजही होते. संरक्षण म्हणजे उपासना बंद, ही भीती सर्वत्र खरी नसते.

मात्र या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. दाट गावठाणात याचा अर्थ शेजारच्या घरांची वाढ थांबणे असा होतो. त्यामुळे गावे अशा नोंदीस कचरतात आणि त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. राज्याचा १९६० चा स्वतंत्र स्मारक अधिनियम आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास योजनेतही ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू करून वास्तूंची तीन श्रेणींत विभागणी केली. महानगरपालिका झालेल्या पनवेलसाठी गावठाणांतील मशिदी, मंदिरे, वाडे आणि तळी यांची अशी यादी हा सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे. तिच्यामुळे वास्तू पाडण्यापूर्वी तज्ज्ञांचा विचार घ्यावा लागतो, पण भोवतालचे गाव गोठत नाही.

मालकीच्या कागदांकडेही लक्ष हवे. मशिदी बहुधा वक्फ असतात. वक्फ कायद्यातील २०२५ च्या दुरुस्तीने केवळ दीर्घ वापरावरून नव्याने वक्फ मानण्याची तरतूद काढून टाकली आणि नोंदणीकृत मिळकतींचे तपशील ‘उमीद’ या केंद्रीय संकेतस्थळावर भरणे बंधनकारक केले. जुन्या गावमशिदींचे मूळ वक्फनामे क्वचितच हाती असतात. म्हणून पूर्वीची नोंदणी, सिटी सर्व्हेचा उतारा आणि सीमांचा नकाशा जपणे आता वास्तू जपण्याइतकेच निकडीचे आहे.

कोणत्याही यादीत नसलेल्या वास्तूंसाठी इन्टॅक या संस्थेने २००४ मध्ये स्वतंत्र सनद तयार केली. समाजाने वापरात ठेवलेल्या वास्तू जिवंत वारसा मानाव्यात, पारंपरिक कारागिरांच्या ज्ञानाला स्थान द्यावे आणि जीर्णोद्धाराची देशी परंपरा विचारात घ्यावी, ही तिची भूमिका आहे. गावमशिदीला ती नेमकी लागू पडते.

हात कोणाचे

आफ्रिकेतील माली देशात जेने येथे मातीची भव्य मशीद आहे. आजची इमारत १९०७ मधील असून १९८८ पासून हे नगर जागतिक वारसा यादीत आहे. तेथे दरवर्षी ठरावीक दिवशी सारे गाव मिळून मशिदीला मातीचा नवा लेप देते. हा लेप दिला नाही तर मातीची भिंत काही पावसाळ्यांत विरघळेल. ती टिकली आहे ती सामग्रीच्या बळावर नव्हे, न चुकणाऱ्या त्या एका दिवसाच्या बळावर.

कोकणात असा दिवस अनोळखी नव्हता. मृगापूर्वीची शाकारणी, विहिरीचा उपसा, सणापूर्वीची सफेदी ही त्याचीच रूपे होती. जमातीने वर्षाच्या जमाखर्चात दुरुस्तीसाठी ठरावीक वाटा बाजूला ठेवला, पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहणीची तारीख निश्चित केली आणि चुन्या-लाकडाचे काम जाणणाऱ्या कारागिराशी नाते राखले, तर बहुतेक मशिदींवर पाडण्याची वेळ येणार नाही. वेरावळच्या लेखातील तेलघाण्याच्या उत्पन्नाचा अर्थ हाच होता.

पनवेलच्या गावांनी शेते दिली, मिठागरे दिली, खाडीचा काठ दिला. विमानतळाच्या धावपट्टीवरून पाहणाऱ्याला येथे गाव होते हे सांगावे लागेल, असे दिवस दूर नाहीत. तेव्हा आम्ही येथलेच आणि फार पूर्वीपासूनचे, हे सांगायला पुढच्या पिढीजवळ उताऱ्यावरील नावाखेरीज काही दाखवण्याजोगे असावे लागेल. आजोबांनी ज्या खांबाला टेकून कुराण वाचले तो सागवानी खांब, ज्या हौजावर वजू केली ते दगड आणि ज्या छपरावर गावातील सर्व जातीजमातींच्या हातांनी कौले चढवली ते छप्पर, हा तो पुरावा आहे. पुढच्या बैठकीत नव्या इमारतीचा नकाशा मांडला जाईल, तेव्हा त्याच्या शेजारी जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रकही ठेवलेले असावे. दोन्ही आकडे पाहून घेतलेला निर्णय बहुधा वेगळा निघतो.